सतरा-सीचा कागद कुठे आहे?

महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांच्या प्रदेशाध्यक्षांना आणि भारत निवडणूक आयोगाला खुले पत्र

सविनय नमस्कार.

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचा निकाल लागला. त्याच वर्षी जूनमध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा जिंकणारी महाविकास आघाडी २८८ पैकी ४६ जागांवर आली आणि महायुतीचे तीन पक्ष मिळून २३० वर गेले. साडेपाच महिन्यांत एवढा उलटफेर झाल्यावर हरलेल्यांच्या मनात मतदान यंत्रांबद्दल आणि मतमोजणीबद्दल शंकेची पाल चुकचुकली, यात गैर काही नाही. शंका घेणे हा मतदाराचाही हक्क आहे आणि उमेदवाराचाही. आमची तक्रार पुढे जे झाले त्याबद्दल आहे, आणि ती पत्रावर नाव असलेल्या दोन्ही बाजूंकडे आहे. पक्षांनी शंका राज्यभर मांडली, पण जिथे पुरावा तयार होतो त्या बूथवरचा कागद सांभाळला नाही. आयोगाने उत्तरे दिली, पण ती पडताळता येतील असे कागद लोकांसमोर ठेवले नाहीत.

तो कागद म्हणजे फॉर्म १७ सी, बूथवर पडलेल्या मतांचा हिशेब. मतदान संपले की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवरचे, म्हणजे मतदान यंत्राच्या मते साठवणाऱ्या भागावरचे, क्लोज बटण दाबतो. त्यानंतर त्या यंत्रात एकही मत पडू शकत नाही आणि पडद्यावर एकूण मतांचा आकडा दिसतो. तो आकडा, १७ ए या नोंदवहीत सही किंवा अंगठा करून गेलेल्या मतदारांची संख्या, सही करूनही मत द्यायला नकार दिलेल्यांची संख्या, प्रदत्त मते (आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलेल्यांनी वेगळ्या मतपत्रिकेवर दिलेली), कंट्रोल युनिट, बॅलेट युनिट (मतदार बटण दाबतो तो भाग) आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापणारे यंत्र) यांचे क्रमांक, कागदी सीलचे क्रमांक हे सगळे १७ सीच्या पहिल्या भागात भरायचे असते. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतील ४९ एस या नियमाप्रमाणे हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची साक्षांकित प्रत द्यावी लागते. त्यासाठी अर्ज लागत नाही, पैसे लागत नाहीत. लागतो तो शेवटपर्यंत बूथवर बसणारा माणूस.

नेमके तिथेच बिनसते. सकाळी सहाच्या आत हजर असलेला प्रतिनिधी दुपारनंतर गावातल्या मतदारांना आणायला निघून जातो. संध्याकाळी घाई नको म्हणून कोऱ्या फॉर्मवर आधीच सही करून मोकळा होतो. प्रत मिळालीच तर तिचा घडी पडलेला, अंधुक फोटो व्हॉट्सॲपवर जातो, मूळ कागद तालुक्याच्या कार्यालयात कुठल्या तरी पिशवीत पडतो आणि मतमोजणीच्या टेबलावर बसणाऱ्याच्या हातात काहीच नसते. मतमोजणीच्या दिवशी त्याने यंत्राचा क्रमांक, सीलचा क्रमांक, पडद्यावर दिसणारी मतदान सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ आणि एकूण मते ही चारही गोष्टी १७ सीशी ताडून मगच रिझल्ट बटण दाबू द्यायचे असते. कागदच नसेल तर ताडणार कशाशी? एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे बूथ असतात. एखाद्या पक्षाने एका मतदारसंघाचे साडेतीनशे १७ सी जसेच्या तसे लोकांसमोर मांडले असते आणि मोजलेली मते त्यांच्याशी जुळत नाहीत असे दाखवले असते, तर दहा पत्रकार परिषदांपेक्षा ते भारी ठरले असते.

फरक सापडला म्हणजे लगेच चोरी सापडली, असेही नाही. फरक कितीचा आहे यावरून बहुतेक वेळा कारण कळते. मतदानाच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, होते. ते झाल्यावर क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने बटणे दाबून यंत्र शून्यावर आणायचे असते आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काढून, शिक्का मारून काळ्या लिफाफ्यात बंद करायच्या असतात. पहाटेच्या गडबडीत क्लिअर दाबायचे राहिले, तर यंत्रातली मते १७ एपेक्षा अभिरूप मतदानात पडलेल्या मतांइतकीच जास्त भरतात. चिठ्ठ्या काढायच्या राहिल्या, तर यंत्राचा आकडा बरोबर येतो आणि चिठ्ठ्या तेवढ्याच जास्त निघतात. नोंदवहीत सही करून कोणी बटण न दाबताच बाहेर पडला, तर यंत्रात एक मत कमी दिसते. २०२४ च्या निवडणुकीत अशी चूक झालेली यंत्रे बाजूला ठेवत. विजयाचे अंतर त्या यंत्रांतल्या मतांपेक्षा जास्त असेल तर ती मोजत नसत, नसेल तर त्यांच्या चिठ्ठ्या मोजत. म्हणून अभिरूप मतदानाच्या प्रमाणपत्रावर किती मते पडली तो आकडा प्रतिनिधीने आपल्या वहीत टिपून ठेवलाच पाहिजे. या एका आकड्याने निम्मे वाद तिथल्या तिथे मिटतात. आणि जो फरक यांपैकी कशातच बसत नाही, तो खरा तक्रारीचा विषय.

आता संध्याकाळी पाचनंतर वाढलेल्या ७६ लाख मतांकडे येऊ, कारण सगळ्यात मोठा धुरळा तिथे उडाला. २० नोव्हेंबरला संध्याकाळी पाच वाजता ५८.२२ टक्के मतदान झाल्याचे जाहीर झाले. रात्री पावणेबारापर्यंत तो आकडा ६५.०२ झाला आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के. मतदार साधारण ९ कोटी ७० लाख, म्हणजे ७.८३ टक्क्यांचे होतात सुमारे ७६ लाख. ऐकताना छातीत धस्स होते. पण राज्यात बूथ एक लाखाच्या वर होते, म्हणजे बूथमागे ७६ मते. दिवसभरात एकूण ६ कोटी ४० लाख मतदान झाले. सकाळी सात ते संध्याकाळी सहा असे अकरा तास धरले तर बूथमागे तासाला ५८ मते पडतात. या वेगाने ७६ मतांना एक तास वीस मिनिटे लागतात, आणि त्यातला एक तास पाच ते सहा हा नेहमीच्याच वेळेत मोडतो. शिवाय तेव्हा पाचचा आकडा बूथवरून फोनने, तोंडी, चढत्या साखळीने येत असे. तो पाच वाजता जाहीर झाला म्हणजे पाचला पडलेले शेवटचे मत त्यात होते असे नव्हे.

यातून एवढेच सिद्ध होते की ही वाढ अशक्य नाही. ती खरोखर रांगेतल्या माणसांचीच होती, हे सरासरीने सिद्ध होत नाही. आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेले उत्तर याच सरासरीचे होते: तासाला सरासरी ५८ लाख मते, म्हणून शेवटच्या दोन तासांत ६५ लाख (वाढीचा आयोगाने धरलेला आकडा) ही वाढ कमीच म्हणायची. हिशेब बरोबर आहे. पण याहून पक्का पुरावा आयोगाच्याच ताब्यात आहे आणि तो पुढे आला नाही, याचे आम्हाला दुःख आहे. सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्यांना केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतो. रांगेतल्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे येतो, म्हणजे मागून कोणी घुसू शकत नाही. किती चिठ्ठ्या वाटल्या, याची नोंद केंद्राध्यक्षाच्या डायरीत करायची असते. दर दोन तासांची मतदानाची आकडेवारीही त्याच डायरीत असते, आणि यंत्र बंद केल्याची वेळ कंट्रोल युनिटमध्ये असते. म्हणजे सहानंतर कुठल्या बूथवर किती माणसे उभी होती, याचे उत्तर एक लाख डायऱ्यांत लिहिलेले आहे. त्यात मतदाराचे नाव नसते की चेहरा नसतो, तेव्हा गोपनीयतेचाही प्रश्न येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने या वाढीव मतांवरची याचिका जून २०२५ मध्ये फेटाळली. न्यायालयापुरता विषय संपला. गावातल्या पारावरचा विषय त्या डायऱ्या खुल्या केल्यावरच संपेल.

काही शंका मात्र घेणाऱ्यांनी आधी स्वतःच तपासायला हव्या होत्या. पडलेल्या मतांपेक्षा ५,०४,३१३ मते जास्त मोजली गेली, असे निकालानंतर लगेच पसरले. पडलेल्या मतांचा जो आकडा घेतला होता तो फक्त यंत्रावरच्या मतांचा होता, मोजलेल्या मतांमध्ये टपाली मते धरलेली होती, आणि वैध टपाली मते होती ५,३८,२२५. धुळे ग्रामीणमधल्या अवधान गावात काँग्रेस उमेदवाराला शून्य मते पडली, अशी चित्रफीत फिरली. प्रत्यक्षात त्याला तिथे १,०५७ मते होती. बूथनिहाय निकालाचा फॉर्म २० उघडून पाहिला असता तर दोन मिनिटांत कळले असते. अशा प्रत्येक फसलेल्या दाव्यामुळे पुढच्या खऱ्या तक्रारीचे वजन कमी होते. उद्या एखाद्या उमेदवाराला खरोखर न जुळणारा १७ सी सापडला, तर लोक त्यालाही त्याच रांगेत उभे करतील. पक्षांनी आपल्या समाजमाध्यम कार्यकर्त्यांना हे बजावून सांगावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचे उदाहरण यापेक्षा वेगळे आहे. गावात विजयी उमेदवार उत्तमराव जानकर यांना ८४३ आणि पराभूत राम सातपुते यांना १,००३ मते दाखवली गेली. ग्रामस्थांना ते पटले नाही आणि त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावून ते होऊ दिले नाही. पंधरा दिवसांनी, निकाल माहीत असताना, सगळ्या गावाच्या नजरेसमोर घेतलेले मतदान २० नोव्हेंबरच्या गुप्त मतदानाचा पुरावा होऊ शकत नाही. कोण आले, कोण घरी बसले, कोणी दबावाने मत फिरवले, हे कशावरून ठरवणार? पण पोलीस पाठवणे हेही उत्तर नव्हते. त्या बूथच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या खोक्यात सीलबंद होत्या. त्या गावासमोर मोजल्या असत्या तर एका दुपारचे काम होते. कायद्यात तशी सहज वाट नाही, आणि ती असायला हवी, हाच मारकडवाडीचा आमच्या मते खरा धडा आहे.

व्हीव्हीपॅटच्या बाबतीत दोन्ही बाजू अर्धेच बोलतात. मतदाराला सात सेकंद दिसणारी ती चिठ्ठी यंत्राच्या आकड्याला असलेला एकमेव स्वतंत्र साक्षीदार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ८ एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघात सोडत काढून पाच बूथच्या चिठ्ठ्या मोजतात. महाराष्ट्रात २०२४ मध्ये अशा १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि एकही विसंगती आढळली नाही, असे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले.

पाच पुरेशा आहेत का? प्रश्न कोणता विचारता यावर ते ठरते. समजा ३५० बूथच्या मतदारसंघात १० यंत्रांत गडबड आहे. पाच बूथच्या सोडतीत त्यातले एकही न येण्याची शक्यता ८६ टक्के, म्हणजे पकडले जाण्याची जेमतेम १४ टक्के. तब्बल ५० यंत्रांत गडबड असली तरी पकडले जाण्याची शक्यता ५४ टक्क्यांवरच अडते. दोन-चारशे मतांनी लागलेल्या एखाद्या जागेसाठी ही तपासणी फार तोकडी आहे. पण तीच गडबड २० मतदारसंघांत प्रत्येकी १० यंत्रांत असेल, तर कुठेच काही न सापडण्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते. १०० मतदारसंघांत असेल, तर ती वीस लाखांत एक इतकी उरते. म्हणून सोडत खरी असेल आणि मोजणी प्रतिनिधींच्या डोळ्यांसमोर झाली असेल, तर राज्यभर यंत्रे फिरवली या आरोपाला १,४४० चिठ्ठी-मोजण्या हे भक्कम उत्तर आहे. एका जागेच्या तक्रारीला मात्र ते उत्तर नाही. आरोप करणारे पहिले मान्य करत नाहीत आणि आयोग दुसरे मान्य करत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली. आम्हीही ती करत नाही. आमचे म्हणणे एवढेच की पाच हा आकडा विजयाच्या अंतराला बांधावा. अंतर चाळीस हजारांचे असेल तर पाच पुरे. पाचशेचे असेल तर त्या मतदारसंघात पन्नास, शंभर, लागल्यास सगळ्या मोजाव्यात. अशा अटीतटीच्या जागा राज्यात फार नसतात, तेव्हा निकाल आठवडाभर लांबेल ही भीती अनाठायी आहे.

तोपर्यंत हातात असलेली वाट तरी वापरा. नियम ५६ डी प्रमाणे निकालपत्रकातले आकडे जाहीर झाल्यावर उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी चिठ्ठ्या मोजण्यासाठी लेखी अर्ज करू शकतो, सगळ्या बूथसाठी किंवा ठरावीक बूथसाठी. निवडणूक निर्णय अधिकारी तो मान्य करेल किंवा नाकारेल, पण कारण लेखी द्यावे लागते. मोजणी झाली आणि फरक निघाला तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरतात. अर्ज निकाल घोषित होण्याआधी पडायला हवा. मिरवणुका सुरू झाल्यावर शोधाशोध करून उपयोग नाही. अर्जाचा मसुदा आदल्या रात्री तयार ठेवा आणि ‘काहीतरी गडबड वाटते’ असे लिहू नका. बूथ क्रमांक, १७ सीमधला आकडा, यंत्रातला आकडा, फरक, हे लिहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांची स्मृती तपासून मागता येते. ही सोय त्याच एप्रिलच्या निकालाने दिली. सुरुवातीला एका संचाला ४० हजार रुपये आणि वर वस्तू व सेवा कर असा खर्च होता, आणि तपासणीच्या नावाखाली यंत्रावर नवे अभिरूप मतदान घेतले जात होते. मूळ माहिती पुसू नका, असे सर्वोच्च न्यायालयाला फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगावे लागले. आयोगाने हे आपणहून ओळखायला हवे होते.

मोजणीच्या दिवशीही काही यंत्रांची बॅटरी ९९ टक्के कशी, या संशयावर इतका वेळ गेला म्हणून एक वाक्य: बॅटरीचा विद्युतदाब ७.४ व्होल्टच्या वर असेपर्यंत पडदा ९९ टक्केच दाखवतो, हे हरियाणाच्या वादात स्पष्ट झाले आहे. तो विषय आता सोडावा.

आमच्या मते खरी कच्ची जागा मतदार यादी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात नव्या नावांसाठी आलेल्या अर्जांपैकी सहा हजारांहून अधिक अर्ज खोटे ठरले. ते फेटाळले गेले आणि गुन्हाही नोंदवला गेला. प्रयत्न झाला होता आणि तो पकडला गेला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. १ नोव्हेंबर २०२५ च्या मुंबईतल्या मोर्चात दुबार मतदारांचा प्रश्न गाजला, तो योग्यच होता. फक्त यादीतले खोटे नाव आणि पेटीत पडलेले खोटे मत यांत एक पायरी असते: त्या नावावर कोणीतरी बूथवर येऊन, बोटाला शाई लावून, १७ एवर सही करावी लागते. त्या पायरीवर पक्षाच्या प्रतिनिधीच्या हातात दोन साधने आहेत. संशयित मतदाराला दोन रुपये भरून आव्हान देता येते आणि केंद्राध्यक्षाला तिथेच चौकशी करावी लागते. आणि ज्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले, त्या खऱ्या मतदाराने घरी न परतता प्रदत्त मतपत्रिका मागायची. ते मत मोजणीत धरत नाहीत, पण त्याची संख्या १७ सीवर कायमची नोंदली जाते. तोतयेगिरीचा इतका सरळ आकडा दुसरीकडे मिळत नाही. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची यादी प्रतिनिधीच्या हातात हवी. ती आधी महिनाभर घरोघरी फिरून तपासलेली हवी, मतदानाच्या सकाळी पहिल्यांदा उघडलेली नको.

आयोगाकडे आमचे मागणे थोडे आहे. १७ सी प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीला द्यायचाच असतो, मग त्याची स्कॅन प्रत त्याच रात्री सर्वांसाठी ठेवण्यात कुणाचे गुपित फुटते? लोक त्यात फेरफार करून फिरवतील, ही आयोगाची भीती. पण मूळ प्रत सगळ्यांना दिसेल तिथे असली की खोटी प्रत लगेच उघडी पडते. मतदार यादी शोधता आणि ताडता येईल अशा स्वरूपात द्या, म्हणजे दुबार नावे मोर्चाआधीच सापडतील. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून कागदपत्रे पाहण्याचा हक्क आक्रसला आणि मे २०२५ मध्ये ४५ दिवसांनंतर चित्रीकरण नष्ट करण्याचे निर्देश निघाले. निवडणूक याचिकेची मुदतही ४५ दिवसांचीच आहे. याचिका करावी की नाही हे ठरवायला जो पुरावा लागतो तो याचिका केल्याशिवाय दिसत नाही, आणि याचिका केली नाही तर तो राहतही नाही. मतदारांच्या, विशेषतः बायकांच्या, चेहऱ्यांची काळजी आम्हाला समजते. त्यासाठी उमेदवाराला निर्णय अधिकाऱ्यासमोर बसून ठरावीक बूथचे चित्रीकरण पाहू देता येईल. राज्य निवडणूक आयोगालाही हेच सांगणे आहे: महापालिका आणि नगरपालिकांच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅट नाही, म्हणजे तिथे १७ सीसारखा बूथवरचा हिशेब हाच एकटा कागद उरतो. तो तरी खुला ठेवा.

आणि पक्षांना एक प्रश्न, ज्याचे उत्तर आजही देता येईल. नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाचे किती १७ सी तुमच्याकडे आहेत? जिंकलेल्यांनीही सांगावे, हरलेल्यांनीही. असतील ते मतदारसंघनिहाय लावून लोकांसमोर ठेवा. एकाही मतदारसंघाचा पूर्ण संच नसेल, तर तेही सांगा.

आपले,
मतदान आणि मतमोजणीच्या प्रक्रियेचे अभ्यासक